‘माणसांवर टेस्टेड’ लिहायचंय? मग मानांकन कुणाला मिळतं ते आधी समजून घ्या



लेबलिंगवरच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर आले: “ताई, बाटलीवर ‘क्लिनिकली टेस्टेड’ लिहायचं असेल तर कुठलं सर्टिफिकेट लागतं?” व्हिडिओत मी दोन मिनिटांत उत्तर दिलं होतं, पण विषय दोन मिनिटांचा नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी एक फोन सांगते. माझ्या बॅचमधली एक ताई आहे, बार्शीकडची. घरी केसांचं तेल बनवते आणि आठवडी बाजारात विकते. तिला एका एजंटनं गाठलं. म्हणाला, “तुमच्या तेलाला अमेरिकेचं मानांकन काढून देतो. माणसांवर चाचणी केल्याचं इंटरनॅशनल अ‍ॅक्रेडिटेशन. चाळीस हजार रुपये, पंधरा दिवसांत घरपोच.” ताईनं बचत गटातून उचललेले पैसे बाटल्या भरायच्या मशीनसाठी ठेवले होते. तेच ती द्यायला निघाली होती. नशीब, आधी मला फोन केला.

मी तिला एकच प्रश्न विचारला: “मानांकन कुणाला मिळणार? तेलाला, तुला, की ज्यांनी चाचणी केली त्यांना?”

ती गप्प झाली. एजंटला विचार म्हटलं, तर तोही गप्प झाला.

आजचा सगळा लेख याच प्रश्नावर आहे.

हा विषय मला का लागतो?

एक गोष्ट कबूल करते. सहा वर्षांपूर्वी माझ्या दुकानात एका महिला गटाचं उटणं विकायला ठेवलं होतं. विक्री वाढावी म्हणून मी डोकं चालवलं. चाळीस पाकिटं फुकट वाटली आणि म्हटलं, “पंधरा दिवस लावा, आधीचा-नंतरचा फोटो पाठवा.” मला वाटलं, काय भारी मार्केटिंग केलं! बीबीएत शिकलेलं सॅम्पलिंग वापरलं म्हणून स्वतःवरच खूश होते.

चौथ्या दिवशी दुपारी एक गिऱ्हाईक बाई लेकीला घेऊन दुकानात आल्या. मुलगी नववीतली. गाल सुजलेले, लाल चट्टे, डोळ्यांखाली पाणी. त्याच आठवड्यात तिच्या शाळेचं गॅदरिंग होतं, नाचात पहिल्या रांगेत होती ती. बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुम्हीच म्हणालात ना, लेकीलाही लावून बघा?”

हो, मीच म्हणाले होते.

पाकिटावर काय-काय घातलंय ते लिहिलेलं नव्हतं. काही झालं तर कुणाला फोन करायचा ते लिहिलेलं नव्हतं. मनगटाला लावून बघा, असंही मी सांगितलं नव्हतं. मी शटर ओढलं, त्यांना डॉक्टरकडे नेलं, औषधाचे पैसे भरले. आठ दिवसांत चेहरा निवळला, पण गॅदरिंग गेलं. त्या बाई आजही दुकानात येतात, तो त्यांचा मोठेपणा.

तेव्हा मला कळलं की मी मार्केटिंगच्या नावाखाली माणसांवर चाचणी करत होते, आणि ती करायची कुठलीही पात्रता माझ्याकडे नव्हती. जगात हे काम नीट करणाऱ्या संस्था आहेत. त्या ते नीट करतात की नाही, हे तपासणाऱ्या संस्थाही आहेत. त्यांचे नियम वाचले, तेव्हा माझी प्रत्येक चूक तिथं आधीच लिहून ठेवलेली दिसली.

तीन शब्द, तीन वेगळ्या गोष्टी

एजंट लोकांचा धंदा चालतो तो या तीन शब्दांच्या घोळावर. म्हणून आधी हे पक्कं करा.

१. नोंदणी. ही कायद्यानं लागते. दुकानाचं शॉप अ‍ॅक्ट किंवा खाद्यपदार्थाला एफएसएसएआय असतं, तसं. 

२. मानांकन, म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशन. बाहेरच्या जाणकारांनी येऊन तुमची कामाची पद्धत तपासायची आणि ‘ही संस्था ठरलेल्या दर्जानं काम करते’ असं सांगायचं. हे बहुतेक वेळा ऐच्छिक असतं. दुकान उघडायला ते लागत नाही, पण मोठं गिऱ्हाईक ते बघून येतं.

३. प्रमाणपत्र. एखाद्या व्यक्तीनं कोर्स केला, परीक्षा दिली, त्याचा कागद. संशोधनाच्या क्षेत्रात ‘जीसीपी’ म्हणजे गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं प्रशिक्षण असतं. ते माणसाला मिळतं, संस्थेला नाही.

लक्षात ठेवायला सोपं: नोंदणी म्हणजे परवानगी, मानांकन म्हणजे दर्जा, प्रमाणपत्र म्हणजे शिक्षण. एकाचं काम दुसरं करत नाही.

हे मानांकन आलं कुठून?

माणसांवरच्या प्रयोगांचा इतिहास फार वाईट आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर प्रयोग केले. त्या खटल्यातून १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली. तिचं पहिलंच कलम सांगतं की माणसाची स्वखुशीची संमती हवीच. अमेरिकेत टस्कीगी इथं १९३२ ते १९७२, तब्बल चाळीस वर्षं, सिफिलिस झालेल्या गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचं नुसतं ‘निरीक्षण’ केलं गेलं. पेनिसिलीन आलं तरी त्यांना दिलं नाही. ते उघड झाल्यावर १९७४ मध्ये तिथं कायदा झाला आणि संशोधनाला आधी समितीची मंजुरी लागू लागली. अशा समितीला तिकडे आयआरबी म्हणतात. आपल्याकडे एथिक्स कमिटी.

मग कायदा होता, समित्या होत्या, तरी मानांकन कशाला?

कारण १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जीन थेरपीच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर नावाचा १८ वर्षांचा मुलगा दगावला. चौकशीत दिसलं की आधीच्या सहभागींना झालेले गंभीर त्रास नीट कळवले गेले नव्हते आणि प्रमुख संशोधकाचे आर्थिक हितसंबंध एका कंपनीत गुंतलेले होते. जून २००१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावरच्या अभ्यासात एक धडधाकट २४ वर्षांची स्वयंसेविका दगावली. तिला श्वासातून जे रसायन दिलं, त्याचा फुफ्फुसाला धोका असल्याचे जुने शोधनिबंध उपलब्ध होते, ते नजरेतून सुटले. दोन्ही ठिकाणी समिती होती. कागदावर मंजुरी होती.

म्हणजे प्रश्न एका सहीचा नव्हता. मंजुरी देणारी समिती, प्रयोग करणारे लोक आणि त्यांना पगार देणारी संस्था या सगळ्यांची मिळून जी व्यवस्था असते, ती तपासायला हवी होती. २००१ मध्येच अमेरिकेत यासाठी एक ना-नफा संस्था उभी राहिली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचं नाव लांबलचक आहे, म्हणून लोक तिला ‘आहर्प’ म्हणतात. तिचं कामच हे: माणसांवर संशोधन करणाऱ्या संस्था सहभागींचं रक्षण कसं करतात ते तपासायचं आणि मानांकन द्यायचं.

आहर्पचं मानांकन कुणाला मिळू शकतं?

आता मुद्द्यावर येऊ. वही काढा.

पहिली गोष्ट: अर्ज संस्थाच करते. एखादं उत्पादन, एकटा डॉक्टर किंवा एखादा अभ्यास याला हे मानांकन मिळत नाही. बार्शीच्या ताईच्या तेलाला ते मिळूच शकत नव्हतं, चाळीस हजार देऊनही नाही आणि चार लाख देऊनही नाही. एजंट जी वस्तू विकत होता, ती मुळात अस्तित्वातच नव्हती.

दुसरी गोष्ट: संस्थेचा संबंध माणसांवरच्या संशोधनाशी हवा. संशोधन करणारी, त्याला मंजुरी देणारी किंवा ते चालवणारी संस्था. म्हणजे कोण?

- विद्यापीठं आणि वैद्यकीय महाविद्यालयं
- रुग्णालयं
- सरकारी संशोधन संस्था
- स्वतंत्र आयआरबी, म्हणजे फी घेऊन बाहेरच्या संशोधनाची तपासणी करणाऱ्या समित्या
- कंपन्यांसाठी कंत्राटावर संशोधन चालवणाऱ्या संस्था, ज्यांना सीआरओ म्हणतात
- फक्त चाचण्याच घेणारी केंद्रं
- चाचण्या करणाऱ्या औषध कंपन्या

संस्था अमेरिकेतलीच हवी असं नाही. इतर देशांतल्या संस्थाही हे मानांकन घेतात, आणि भारतातल्या काही रुग्णालयांनीही ते घेतलेलं आहे. तिथं विद्यापीठासारख्या अवाढव्य संस्था आहेत, तशी छोटी केंद्रंही आहेत. तुम्ही किती मोठे आहात हा प्रश्न नसतो. सहभागी माणसाची जबाबदारी तुमच्याकडे आहे का आणि ती सांभाळायची व्यवस्था चालू स्थितीत आहे का, हा प्रश्न असतो.

तिसरी गोष्ट: व्यवस्था आधी हवी, मानांकन नंतर. ‘मानांकन मिळालं की समिती नेमू’ हे चालत नाही. हॉटेल सुरू व्हायच्या आधी जेवणाला पैकीच्या पैकी मार्क कसे द्यायचे? लेखी नियम, नेमलेली माणसं, झालेल्या बैठकांची इतिवृत्तं, चालू अभ्यास, असं सगळं दाखवता यायला लागतं.

चौथी गोष्ट: सगळं घरातच हवं असं नाही. हे छोट्या संस्थांसाठी फार महत्त्वाचं आहे. स्वतःची आयआरबी नसेल तर बाहेरच्या आयआरबीवर विसंबता येतं. पण मग करार लेखी हवा आणि कोणतं काम कुणाचं हे स्पष्ट हवं. काम बाहेर देता येतं, जबाबदारी बाहेर देता येत नाही. आपण पॅकिंग दुसऱ्याकडून करून घेतलं तरी बाटलीवर नाव आपलंच असतं ना, तसंच.

पाचवी गोष्ट: सोयीपुरता भाग दाखवता येत नाही. पैसा सरकारचा असो, कंपनीचा असो की स्वतःचा, प्रत्येक सहभागीच्या संरक्षणाची व्यवस्था असायला हवी. ‘हा प्रोजेक्ट छोटा होता म्हणून संमती घेतली नाही’ हे उत्तर तिथं बसत नाही.

ते तपासतात काय?

त्यांचे निकष तीन भागांत आहेत, आणि ही विभागणी मला फार आवडते. कुठल्याही धंद्याला लावून बघा.

पहिला भाग संस्था. वरच्या माणसांनी जबाबदारी घेतलीय का? पुरेसा पैसा आणि माणसं दिलीत का? हितसंबंधांचा गुंता कसा हाताळता? सहभागीला तक्रार करायला जागा आहे का? इजा झाली तर काय?

दुसरा भाग आयआरबी किंवा एथिक्स कमिटी. सदस्य कोण आहेत? धोका आणि फायदा तोलतात की नुसत्या सह्या करतात? लहान मुलं, कैदी, गरीब, आजारी अशांसाठी जास्तीची काळजी घेतात का? ज्याचा स्वतःचा अभ्यास आहे तो मतदानाला बसतो का?

तिसरा भाग संशोधक आणि त्याची माणसं. त्यांना शिक्षण आहे का? मंजूर झालं तेच करतात का? संमती समजावून घेतात की सही करून घेतात?

पद्धत अशी असते: संस्था आधी स्वतःची तपासणी स्वतः करते आणि अर्जासोबत सगळे लेखी नियम पाठवते. ते वाचून त्रुटी कळवल्या जातात. मग याच क्षेत्रातले अनुभवी तपासनीस संस्थेची तपासणी करतात, नोंदी बघतात आणि माणसांशी बोलतात. कपाटात फाइल आहे की नाही एवढ्यावर भागत नाही. फाइलमधलं नर्सला माहीत आहे का, हेही विचारतात. शेवटी निर्णय वेगळं मंडळ घेतं. पहिलं मानांकन तीन वर्षांचं, पुढचं नूतनीकरण पाच वर्षांचं, आणि मध्ये दर वर्षी अहवाल. पंधरा दिवसांत घरपोच होण्यासारखं यात काहीच नाही.

आपल्याकडे काय आहे?

भारतात हा विषय ऐरणीवर आला तो काही कटू प्रसंगांमुळे. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प चालू होता. काही मुली दगावल्यावर २०१० मध्ये तो थांबवला गेला. मृत्यू लशीमुळे झाले असं चौकशीत आढळलं नाही. पण संमतीचा कारभार मात्र उघडा पडला. कितीतरी फॉर्मवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीनं यावर कडक अहवाल दिला. त्याच काळात सर्वोच्च न्यायालयातही औषध चाचण्यांवरून याचिका चालू होती. २०१३ मध्येच एथिक्स कमिटीची नोंदणी सक्तीची झाली. डॉ. रणजित रॉय चौधरी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं तर एथिक्स कमिटी, संशोधक आणि चाचणी केंद्र या तिघांच्याही मानांकनाची शिफारस केली.

आज चित्र असं आहे:

- नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी ‘नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९’ लागू आहेत. त्यासाठीच्या एथिक्स कमिटीची नोंदणी केंद्राच्या औषध नियंत्रकाकडे, म्हणजे सीडीएससीओकडे, करावी लागते.
- इतर वैद्यकीय आणि आरोग्य संशोधनासाठी एथिक्स कमिटीची नोंदणी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे असते. मार्गदर्शन आयसीएमआरच्या २०१७ च्या सूचनांचं.
- मानांकन एनएबीएच ही संस्था देते. रुग्णालयांच्या दारावर तिचा फलक तुम्ही पाहिला असेल. एथिक्स कमिटीसाठी तिचा वेगळा कार्यक्रम आहे.

इथं एक फरक बघा. आहर्प पूर्ण संस्थेची व्यवस्था तपासतं. रुग्णालयातल्या समितीनं एकटीनं अर्ज करायचा नसतो, रुग्णालयानं करायचा. एनएबीएचच्या या कार्यक्रमात मात्र एथिक्स कमिटी हीच तपासणीचा विषय असते. म्हणून कुणी ‘आम्ही अ‍ॅक्रेडिटेड आहोत’ म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायचाच: कुणाचं मानांकन, आणि कशासाठी?

नियमांनुसार एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य हवेत. त्यात किमान एक महिला, एक कायद्याचा जाणकार, एक सामाजिक क्षेत्रातली स्वतंत्र व्यक्ती आणि एक सामान्य नागरिक हवा. निम्मे सदस्य तरी त्या संस्थेच्या बाहेरचे हवेत, आणि अध्यक्ष बाहेरचाच हवा. चाचणीच्या ठिकाणी स्वतःची समिती नसेल तर त्याच शहरातल्या किंवा ५० किलोमीटरच्या आतल्या नोंदणीकृत समितीकडून मंजुरी घेता येते.

सामान्य नागरिक कशाला, असं वाटेल. माझ्या उटण्याच्या वेळी अशी एक जरी बाई समोर बसली असती, तर तिनं पहिला प्रश्न विचारला असता: “अगं, पोरींना कशाला लावायला सांगतेस?” तेवढ्यासाठीच.

आता तुमचं काय? चार गिऱ्हाईकं, चार उत्तरं

१. “मी तेल, क्रीम, उटणं बनवते.”
तुम्हाला संशोधन संस्थेचं मानांकन लागत नाही, आणि मिळणारही नाही. सौंदर्यप्रसाधन बनवून विकायचं तर राज्याच्या एफडीएचा उत्पादन परवाना लागतो, तो आधी घ्या. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं तर त्याचा परवाना वेगळा. त्वचेवरची चाचणी हवी असेल तर ती स्वतः करू नका, हे काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडून करून घ्या. त्यांना तीन कागद मागा: एथिक्स कमिटीची नोंदणी, तुमच्या चाचणीला त्या समितीनं दिलेलं मंजुरीपत्र आणि सहभागींच्या संमतीपत्राचा नमुना. आणि दावा जपून करा. टक्कल बरं करतो म्हणाल तर औषध नियमांनी मनाई केलेल्या यादीत जाल. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत.

२. “मी लोणचं, चटणी, लाडू बनवतो. लोकांना चव विचारली तर?”
बिनधास्त विचारा. चव आणि पसंती विचारणं हा साधा ग्राहक अभिप्राय आहे. आयसीएमआरच्या सूचनांमध्येही खाद्यपदार्थांच्या चवीचे अभ्यास तपासणीतून सूट मिळू शकणाऱ्या गटात आहेत. पण ‘हा लाडू महिनाभर खा, शुगर किती उतरते बघू’ म्हणालात की गोष्ट बदलली. आता तुम्ही आरोग्यावरचा परिणाम मोजताय, ते संशोधन झालं. तिथं थांबा आणि जवळच्या वैद्यकीय किंवा फार्मसी कॉलेजशी बोला. अभ्यास त्यांच्या नावावर आणि त्यांच्या समितीच्या मंजुरीनं होऊ दे.

३. “मला क्लिनिकल रिसर्चमध्येच धंदा करायचाय.”
पुणे, मुंबई, नाशिकची बरीच मुलं हे विचारतात. बी. फार्म झालेत, रुग्णालयात समन्वयक म्हणून काम केलंय, आता स्वतःची एजन्सी काढायची आहे. चांगली गोष्ट आहे, संधी आहे. पण क्रम लक्षात घ्या. २०२४ च्या दुरुस्तीनं सीआरओंना केंद्राकडे नोंदणी सक्तीची झाली आणि ती १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. म्हणजे तुम्ही प्रायोजक कंपनीचं काम अंगावर घेणार असाल तर आधी तुमची संस्था या व्याख्येत बसते का ते तपासा. मग नोंदणी, मग लेखी कार्यपद्धती, मग प्रशिक्षित माणसं, मग प्रत्यक्ष काम. मानांकनाचा विचार त्यानंतर. आणि एक गोष्ट पाठ करून ठेवा: नियम लागू असलेल्या चाचणीत गंभीर त्रास झाला तर संशोधकाला २४ तासांत कळवावं लागतं. रविवार आहे, दिवाळी आहे, हे कारण चालत नाही. ही धावपळ झेपणार असेल तरच या धंद्यात या.

४. “माझं आरोग्याचं अ‍ॅप आहे, लोकांची माहिती गोळा करतो.”
माणसांवरचं संशोधन म्हणजे फक्त गोळी आणि सुई नाही. माणसाची आरोग्याची माहिती घेऊन त्यातून निष्कर्ष काढणं हेही संशोधन होऊ शकतं. ‘अटी मान्य’ या एका बटणावर सगळं भागतं असं समजू नका. रुग्णालयाबरोबर काम करणार असाल तर त्यांची एथिक्स कमिटी तुमचा प्रस्ताव मागणारच. तो आधीच तयार ठेवा.

एजंट ओळखायच्या पाच खुणा

१. ‘उत्पादनाला मानांकन’ म्हणतो. मानांकन व्यवस्थेला असतं.
२. कुणी येऊन तपासणार नाही म्हणतो. तपासणीशिवाय मानांकन नाही.
३. मुदत दिवसांत सांगतो. खरं काम महिन्यांत होतं.
४. नोंदणी क्रमांक विचारला की विषय बदलतो.
५. पैसे वैयक्तिक खात्यावर मागतो.

एक जरी खूण दिसली तरी पाकीट खिशात ठेवा. आणि त्याचं नाव न घेता थेट त्या-त्या संस्थेच्या अधिकृत यादीत शोधा. मानांकन मिळालेल्यांची नावं लपवून ठेवायची नसतात, ती मिरवायची गोष्ट आहे.

शेवटी

बार्शीच्या ताईनं पैसे दिले नाहीत. बाटल्या भरायचं मशीन घेतलं. आता ती परवान्याच्या मागे आहे, आणि बाटलीवर तिनं ‘क्लिनिकली टेस्टेड’ऐवजी तेलात काय-काय आहे त्याची पूर्ण यादी, ‘आधी मनगटावर लावून बघा’ ही सूचना आणि स्वतःचा मोबाइल नंबर छापायचं ठरवलंय. मला विचाराल तर गिऱ्हाईकाचा विश्वास बसायला हे तीन पुरेसे आहेत.

तुमच्यापैकी बहुतेकांना हे मानांकन आयुष्यात कधी लागणार नाही. मग एवढं का वाचायला लावलं? कारण त्यातले प्रश्न फुकट आहेत आणि आपल्या सगळ्यांना लागू आहेत. पुढच्या वेळी नवीन माल कुणाला ‘वापरून बघा’ म्हणून द्याल, तेव्हा आधी हे पाच प्रश्न स्वतःला विचारा:

- यात काय आहे, हे मी त्यांना सांगितलं का?
- नको म्हणायची त्यांना मोकळीक आहे, की ओळखीच्या भिडेखातर घेतायत?
- त्रास झाला तर ते कुणाला फोन करतील आणि खर्च कोण करेल?
- यात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस आहे का?
- माझा यात पैशाचा फायदा आहे, मग ‘हे सुरक्षित आहे’ असं माझ्याशिवाय आणखी कुणी तपासलंय?

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. माल मीच बनवणार, मीच तपासणार आणि मीच चांगला म्हणणार, असं असेल तर त्या चांगल्याला किंमत नसते. मोठ्या विद्यापीठांना हे शिकायला माणसं गमवावी लागली. मी एका मुलीचं गॅदरिंग घालवून शिकले. तुम्ही हे वाचून शिका, स्वस्तात सुटाल.

पुढच्या व्हिडिओत एफडीएचा सौंदर्यप्रसाधन परवाना टप्प्याटप्प्यानं बघू. घरात किती जागा लागते, कुठले कागद लागतात, सगळं. तोवर आपल्या मालाचं लेबल एकदा हातात घ्या आणि गिऱ्हाईकाच्या नजरेनं वाचा.

भेटूच!